मुद्रणदोष नव्हता

अन्याय झाला तो सौ. अनसूया लिंबाजी वाघमोडे यांच्यावर. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, चिंचवड गावठाणातल्या आमच्या छापखान्यात. करणारा मी. त्या वेळी खोलीत दुसरं कुणीही नव्हतं, तेव्हा दोष वाटून घ्यायची सोय नाही.

हत्यार म्हणाल तर लाल पेन्सिल.

मी कामगारांच्या या पत्रकाचा संपादक. संपादक म्हणजे मजकूर गोळा करणारा, लिहिणारा, खिळे जुळवणारा, प्रूफ तपासणारा आणि छापून झालं की गठ्ठा खांद्यावर टाकून कारखान्याच्या गेटशी उभा राहणारा. आमच्यासारख्या लहान पत्रकात ही सगळी माणसं एकाच सदऱ्यात राहतात. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. ती एकेक उचलून हातातल्या पट्टीत बसवायची. ओळ भरली की घट्ट करायची. अशा ओळींचं पान बांधायचं. मग शाई लावून एक कच्चा कागद काढायचा, त्याला प्रूफ म्हणतात. ते वाचायचं आणि चुका लाल पेन्सिलीनं दाखवायच्या. चुका काढायला म्हणून जी पायरी ठेवलेली आहे, नेमकी त्याच पायरीवर मी चूक घातली.

मजकूर होता पाण्याच्या नळाचा. पिंपरी स्टेशनाच्या पलीकडं, नव्या कारखान्याच्या बांधकामामागं रंगनाथशेठच्या भाड्याच्या खोल्या आहेत. तीन ओळी. माणसं सगळी बाहेरगावची. कुणी बीडकडची, कुणी कोकणातली, कुणी सोलापूरकडची. पाणी आणायचं ते शेतातल्या विहिरीवरून, रुळाला लागून. बायांनी नळासाठी अर्ज केला होता आणि तो आम्ही सह्यांसकट छापायचा होता. छापलेलं पान अर्जाला जोडून मामलेदार कचेरीत जाणार होतं. एकूण एक्केचाळीस नावं.

कागद घेऊन आले सखारामतात्या. तात्या इथलेच, मूळ गावकरी. खोल्यांवर दूध घालतात आणि येताजाता सगळ्यांचे निरोप पोचवतात. मी नावं वाचायला घेतली.

"पहिलं नाव कुणाचं हे, तात्या?"

"अनसाबाईचं. तिनंच समद्या बायांना गोळा केलं. दुपारच्या वर्गात लिव्हायला बी शिकलीया. वरचंच नाव माझं लावा म्हनली."

"नवरा कुठल्या खात्यात आहे?"

"न्हाई वो. त्यो गेला न्हवं."

"गेला?"

"गेला. दोन वर्सं झाली."

"अरेरे. फार वाईट झालं."

"वाईटच की. तरणीताठी बाई हाय."

मी मान खाली घातली. तात्यांनीही घातली. एकाच शब्दावर दोन माणसं एवढ्या मनापासून हळहळली, आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे कळायला मला पुढं बारा दिवस लागले.

कागदावर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: सौ. अनसूया लिंबाजी वाघमोडे, खोली नंबर २७. अक्षर मोठं, जोर देऊन काढलेलं. कागद पालथा केला तर मागून हाताला लागत होतं. मी खिळे जुळवतानाही 'सौ.' असंच जुळवलं. जुळवताना डोकं चालत नाही, हात चालतो, आणि हात प्रामाणिक असतो. पण प्रूफ हातात आलं, पेन्सिल उचलली आणि मला तात्यांचं बोलणं आठवलं. मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो: नव्यानं लिहायला शिकलेली बाई आहे, तिला काय कळतंय, बाकीच्यांचं बघून 'सौ.' लिहिलं असेल.

हे वाक्य मी मनात बोललो. कामगाराला कमी समजणाऱ्या साहेबांवर तीन वर्षं पत्रकं लिहिणारा मी.

'सौ.' खोडून मी 'गं. भा.' केलं. रूळ ओलांडून अर्ध्या तासावर खोल्या. विचारायला गेलो नाही. सरकारी कचेरीत जाणारा कागद बिनचूक असायला हवा, असं मला वाटत होतं, आणि आपण किती काटेकोर आहोत याचं कौतुकही वाटत होतं.

आता ओळ बसेना. 'सौ.'ला जागा थोडी लागते, 'गं. भा.'ला जास्त. ओळ पट्टीबाहेर यायला लागली की जुळारी काहीतरी काढतो. मी बघितलं तर चाळीस जणींनी खोलीचा नंबर लिहिलाच नव्हता. हिनं एकटीनंच लिहिला होता. एकीचाच नंबर कशाला, म्हणून मी तो काढला. ओळ छान बसली. शुक्रवारी संध्याकाळी पान छापून झालं. पाडव्याच्या दिवशी अंक गेटवर वाटला. काही गठ्ठे नेहमीसारखे इथून दुसऱ्या कामांवर जाणाऱ्या लोकांबरोबर गेले. लोणावळ्याकडं, साताऱ्याकडं, कोयनेच्या धरणाकडं. आमचं पत्रक लांब जातं याचा मला अभिमान होता.

बारा दिवसांनी, बुधवारी दुपारी, एक बाई छापखान्याच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू. हातात आमचा अंक, तिसऱ्या पानावर दुमडलेला.

"संपादक कोन हाय?"

"मी."

"हे वाचून दावा."

तिनं बोट ठेवलं होतं तिथं मी वाचायला लागलो. 'गं. भा.' म्हणालो आणि तिच्या कपाळाकडं बघितलं. पुढचं नाव तोंडातून निघेना.

"वाचा की. छापताना अडलं न्हाई."

त्या वेळी मी जे बोललो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी म्हणालो, "बाई, हा मुद्रणदोष आहे."

हा आमच्या धंद्यातला शब्द. मुद्रणदोष म्हणजे छपाईत आपोआप झालेली चूक. कुणी केली नाही, झाली. कारखान्यात माणसाची बोटं गेली की मालक म्हणतो, मशीनचा दोष. त्यावर आम्ही जळजळीत अग्रलेख लिहितो. आणि आमच्या हातून कुणाचं काही गेलं की आम्ही म्हणतो, मुद्रणदोष.

"म्हंजी काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे खिळे कधीकधी इकडचे तिकडे होतात."

"कुठं हायत खिळे?"

मी खिळ्यांची पेटी दाखवली. शेकडो खणांची लाकडी पेटी, प्रत्येक खणात एकेक अक्षर. ती वाकून बघायला लागली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला ते ओळखणं सोपं नाही. पण तिनं शोधून एक उचलला.

"ह्यो स हाय ना?"

"हो."

"ह्यो आपल्या पायानं उठून गेला. आन् त्याच्या जागी ग येऊन बसला. येताना डोक्यावर टिंब बी घेऊन आला. आसं?"

मी पेटीवरचा हात काढला.

"नाही," मी म्हणालो. "मी बदललं."

"कामून?"

"सखारामतात्या म्हणाले, तुमचे मालक गेले."

"गेलेच की. कामाला गेले. दोन वर्सं झाली." एवढं बोलून ती थांबली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिच्या लक्षात आलं. "अगं आई," ती हळूच म्हणाली. हसली नाही. ओरडलीही नाही. मी ओरडण्याची वाट बघत होतो.

खिळा तिनं परत त्याच्याच खणात ठेवला. मग विचारलं, "आन् नंबर कुठाय?"

"कुठला नंबर?"

"खोलीचा. मी लिव्हला हुता. सत्तावीस."

"ओळीत बसत नव्हता," मी म्हणालो. "बाकी कुणाचा नव्हता, म्हणून..."

आता ती मटकन बाकावर बसली. 'गं. भा.' वाचून उभी राहिलेली बाई नंबर नाही म्हटल्यावर बसली.

मग तिनं जे सांगितलं ते असं. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नाही. त्याच्याबद्दल बोलताना दर वेळी छापलेल्या 'लिंबाजी' या नावावर बोट ठेवायची आणि म्हणायची, 'हे'. हे इथं बांधकामावर होते. काम संपत आलं तसे एका टोळीबरोबर धरणाच्या कामाला गेले, कोयनेकडं. जम बसला की घेऊन जातो म्हणाले. दोन कार्डं आली. पत्ता घातलेला, रंगनाथशेठच्या खोल्या, खोली नंबर ९. मग शेठनं पुढच्या दोन ओळी बांधल्या आणि सगळे नंबर नव्यानं रंगवले. जुनी नऊ ती आता सत्तावीस. नवी नऊ पहिल्या ओळीत, तिथं नवी माणसं. पोस्टमन एकदा कार्ड घेऊन नव्या नऊवर गेला. आतून कुणीतरी सांगितलं, अशी बाई इथं राहत नाही. कार्ड परत गेलं. हे तिला कळलं महिन्यानं, आणि त्यानंतर एकही कार्ड नाही.

"तुम्ही लिहिलं नाही त्यांना?"

"कुठं लिव्हू? टोळी आज हितं, उद्या तितं. त्यांना माजा पत्ता ठावं हुता. मला त्यांचा न्हवता." तिनं पुन्हा नावावर बोट ठेवलं. "म्हून तर लिव्हायला शिकले. म्हनलं, नाव तोंडानं घेता येत न्हाई, कागदावर तर घेता येतंय."

"मग पत्रकात सरळ निवेदन द्यायचं होतं. आम्ही छापलं असतं."

"काय छापलं असतं? नवरा हरवला म्हून?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, मी पुन्हा तेच केलं. "तुमचं पत्रक धरनावर जातंय आसं बाया म्हनत्यात. नळाच्या अर्जात वरचं नाव दिसंल. सौ. हाय, म्हंजी ही अजून आपली हाय. नंबर हाय, म्हंजी हितंच हाय. कुनाला कळायचं न्हाई, ह्यांना कळंल."

चाळीस बायांच्या नळाच्या अर्जात एका बाईनं आपलं पत्र ठेवलं होतं. चार शब्द आणि एक आकडा. त्यातला पहिला शब्द आणि शेवटचा आकडा, नेमके तेवढेच मी खोडले होते.

"ह्यांना वाचता येतंय," ती म्हणाली. बोट नावावर. "जोडाक्षर अडतंय, पन वाचत्यात. हे वाचलं तर काय म्हनतील? मी जित्ता हाय आन् हिनं मला जाळून बी टाकलं."

उठताना तिनं आणखी एक सांगितलं. शेठनं अंक वाचला होता. फॅमिली म्हणून खोली दिली होती, एकट्या विधवा बाईला देत नाही, महिनाअखेर रिकामी कर, असं त्यानं बजावलं होतं. पुरावा आमचाच, छापील.

"खोली गेली तर हे कुठं येतील?" असं विचारून ती गेली. मला विचारलं की स्वतःला, ते मला कळलं नाही.

मी अण्णांकडं गेलो. छापखाना अण्णांचा. पत्रकावर मुद्रक-प्रकाशक म्हणून नावही त्यांचंच. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"शुद्धिपत्र घाल," ते म्हणाले. "शेवटच्या पानावर, खाली. एक ओळ. 'अनवधानाने'."

"शेवटच्या पानावरची एक ओळ कोण वाचतं, अण्णा?"

"कुणी वाचू नये म्हणूनच ती तिथं असते."

"मला पहिल्या पानावर हवंय. मोठ्या टायपात. चूक संपादकाची आहे असं स्पष्ट लिहून. नंबरासकट."

"अरे, अर्ज कचेरीत गेलाय! तुझं ते पान जोडून. पहिलंच नाव चुकीचं होतं अशी तूच पहिल्या पानावर बोंब मारलीस, तर तिथला कारकून काय म्हणेल? बाकीची चाळीस तरी खरी कशावरून? करा परत सगळं. पावसाळ्याआधी येणारा नळ पुढच्या वर्षावर जाईल. एका बाईसाठी चाळीस जणींचं पाणी तोडणार तू?"

"ती बाई घराबाहेर जातेय."

"शेठला मी समजावतो. चार शब्द सांगतो खाजगीत."

"आपण जाहीर विधवा केलं आणि खाजगीत सवाष्ण करायचं?"

"वाक्यं मला नको टाकूस," अण्णा म्हणाले. "वाक्यं पत्रकात टाक. पाणी कुणाचं आहे? त्यांचं. जा, विचार त्या चाळीस जणींना."

ते चिडून म्हणाले होते. मी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर दहाबारा बाया होत्या. सखारामतात्याही दुधाच्या किटल्या ठेवून उभे होते. मी सगळं सांगितलं. काय खोडलं, का खोडलं, आता छापलं तर नळ लांबेल हेही. अनसूयाबाई कडेला होती.

पहिल्यांदा तात्याच भडकले. "आवं, गेला म्हंजी गावाला गेला म्हनलो मी! मसनात गेला आसं म्हनलो व्हय?"

"तात्या, तुम्ही मान खाली घातलीत."

"तुमी घातली म्हून मी घातली!"

बायांना हसू फुटलं. पण एक जण हसली नाही. "ह्याच्या गाढवपणापायी आमी पानी वाहायचं का?" ती म्हणाली. "हितं कंबर मोडाया लागली." तिचं खरं होतं. दोघीतिघींनी माना हलवल्या.

कोकणातली पार्वतीबाई त्यांच्यातली सगळ्यात वडील. गुडघे धरून दगडावर बसली होती. ती मला म्हणाली, "मेल्या, एवढी चार पुस्तकं शिकलास. रूळ ओलांडून यायला आणि बाईला 'बाई, तू कोण' म्हणून विचारायला काय झालं होतं तुला?"

मी रुळांकडं बघितलं.

तेवढ्यात पुण्याकडून गाडी आली. विहिरीच्या काठावरून स्टेशनाचा फलाट सरळ दिसतो. अनसूयाबाईनं भरलेला हंडा कमरेवर घेतला होता, तो तसाच धरून ती उभी राहिली. माणसं उतरली, पांगली, गाडी लोणावळ्याकडं गेली. मग ती हंडा घेऊन चालायला लागली. एकाही बाईनं तिला हाक मारली नाही. मला वाटतं, ते रोजचंच होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. मीच नवा होतो.

पार्वतीबाई तिच्या पाठीकडं बघत होती. "छाप," ती मला म्हणाली. "मोठ्या अक्षरात छाप. पण नळ येईपर्यंत माझ्या दारात रोज दोन हंडे तू घालायचेस. मंजूर?"

"मंजूर."

"आन् माज्या दारात एक," ती न हसलेली बाई म्हणाली.

या वेळचं प्रूफ मी खिशात घालून रूळ ओलांडला आणि सत्तावीस नंबरवर नेलं. तिनं दारात बसून बोटानं एकेक अक्षर वाचलं. 'दिलगीर' या शब्दापाशी बोट थांबलं.

"ह्याचा अर्थ काय?"

"वाईट वाटतं, असा."

"मग तसं लिवा की. ह्यांना अडंल हे."

मी तो शब्द काढला. मग ती म्हणाली, "नंबर नवा लिव्हलाय, पन खोली तीच हाय, हे न्हाई लिव्हलं." ते घातलं. ओळ वाढली. वाढू दिली.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर, मथळ्याखालीच, हे छापलं:

"मागच्या अंकात नळाच्या अर्जातील पहिले नाव मी बदलले. बाईंनी स्वतः लिहिलेले नाव असे: सौ. अनसूया लिंबाजी वाघमोडे, खोली नंबर २७. खोली तीच आहे, नंबर नवा आहे. चूक खिळ्यांची नाही, संपादकाची आहे. मी विचारले नाही. मला वाईट वाटते."

खाली माझं नाव. अण्णा म्हणाले, तुझं घाल, माझं नको. बरोबरच होतं ते.

आता निकाल सांगतो. शेठनं अंक वाचला आणि म्हणाला, "मग नवरा आणून दाखवा." मी म्हणालो, "तुम्ही नंबर बदलले नसते तर आला असता." शेठ म्हणाला, "बघू दिवाळीपर्यंत." दिवाळी गेली. तो काही बोलला नाही, आम्हीही आठवण केली नाही. खोली आहे.

कचेरीत अण्णा म्हणाले होते तसंच झालं. अगदी शब्दाला शब्द. कारकुनानं अर्ज परत पाठवला. एक्केचाळीस सह्या पुन्हा, साक्षीदारांसमोर. नळ पावसाळ्याआधी यायचा तो दिवाळीनंतर आला. तोवर रोज सकाळी तीन हंडे मी वाहिले. 'संपादक आले, वाट द्या' म्हणून बाया बाजूला व्हायच्या. पावसात ती पायवाट कशी होते हे मी आता कुठल्याही अग्रलेखात न लिहिता सांगू शकतो. पहिले दोन महिने पाणी अंगावरच जास्त सांडायचं. पार्वतीबाई हंड्यात डोकावून म्हणायची, "काय रे, इथंही ओळीत बसेना म्हणून काढलंस का?"

एवढ्यावरून धंद्याला शिकवण काय घ्यायची? अण्णांचं चुकलं नव्हतं. चूक कबूल केल्यावर नुकसान होतं. होत नाही असं सांगणारा माणूस खोटं बोलतो. आमच्यावर विश्वास वाढला वगैरे काही झालं नाही. गेटवर दोघांनी अंक घेणं बंद केलं, तुमचं काय खरं म्हणून. मी एवढंच शिकलो की प्रूफ छापखान्यात वाचायचं नसतं. ज्याचं नाव आहे त्याच्या दारात नेऊन वाचायचं. आता मी तसं करतो. अंक दोन दिवस उशिरा निघतो. अण्णा रोज बोलतात.

लिंबाजी वाघमोडे आलेले नाहीत.

तो शुक्रवार मला परत हवा आहे. पेन्सिल खाली ठेवायची होती, चपला घालायच्या होत्या, अर्धा तास चालायचं होतं. साडेअकराला ती दारात आली असती, कुंकू दिसलं असतं, मी परत फिरलो असतो. एवढंच. पण शाई वाळली की वाळली.

मागच्या आठवड्यात मी चिंचवड स्टेशनावर शेंगदाणे घेतले. पुडा सोडला तर आमचं तिसरं पान. तेच. 'गं. भा.' वर तेलाचा डाग. शेंगदाणेवाल्याकडं त्याच अंकाची आणखी पानं होती, ती मागून घेतली. त्याला रद्दी कुठून मिळाली ते त्याला आठवत नव्हतं. म्हणजे ती चूक अजून फिरते आहे. डब्याडब्यातून, कामाकामावर, पुड्या होऊन. दुरुस्तीचा अंक तिच्या मागं कुठवर पोचला, मला माहीत नाही.

नळ आता तिसऱ्या ओळीच्या तोंडाशीच आहे. अनसूयाबाईच्या दारापासून दहा पावलं. विहिरीवर जायची कुणाला गरज उरलेली नाही. तरी संध्याकाळी पाचच्या गाडीच्या वेळेला ती कळशी घेऊन विहिरीवर जाते. पाणी भरत नाही. नळावरून फलाट दिसत नाही, विहिरीवरून दिसतो. गाडी गेली की रिकामी कळशी घेऊन परत येते. मीही आता कुठल्याही स्टेशनावर असलो तरी वळकटी घेऊन उतरणाऱ्या माणसाकडं बघतो. तो कसा दिसतो तेही मला माहीत नसताना बघतो.

म्हणून वाचणाऱ्या तुम्हाला सांगतो आहे. विनंती नाही, मागणी आहे. गेल्या वर्षीच्या पाडव्याचा आमचा अंक घरात, ट्रंकेत, फळीवर अंथरलेला असेल तर आत्ता काढा. तिसरं पान, पहिलं नाव. 'गं. भा.' खोडा. पेनानं खोडा, पुसलं जाईल असं नको. वर 'सौ.' लिहा. पुढं नंबर घाला, सत्तावीस. आणि तुम्ही धरणावर असा, रस्त्यावर असा, बोगद्यात असा, बीडकडचा लिंबाजी वाघमोडे नावाचा माणूस तुमच्या टोळीत असेल तर हे पान त्याच्या हातात द्या. त्याला जोडाक्षर अडतं. अडलं तर वाचून दाखवा.